गटाराकडेचा परिसर अभ्यास

पत्र : मी कुर्ल्यातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवते. पटावर ४४ मुलं. शाळेला मैदान नाही, मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यातच खेळतात. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला गॅरेजं आणि भंगाराची दुकानं. परिसर अभ्यासाचा तास आला की माझी पंचाईत होते. ओढा, टेकडी, शेत म्हटलं की गावाला जाऊन आलेली चार मुलं हात वर करतात, बाकीची गप्प. परिसर दाखवायचा तर आहे कुठे? वर्षातून एक सहल निघते, ती राष्ट्रीय उद्यानात. एरवी मुलांना बाहेर न्यायचं म्हटलं की मुख्याध्यापक विचारतात, काही झालं तर जबाबदार कोण? मग मी घोषणा पाठ करून घेते, तक्ते करून घेते आणि घरी जाताना वाटतं, आज आपण काही शिकवलंच नाही. काय करू? – एक शिक्षिका (नाव छापू नये)

प्रिय बाई,

नाव छापू नका म्हणालात, तेव्हा वर्गातली पोरं म्हणतात त्याच नावाने बोलते.

नाला, गॅरेजं, भंगाराची दुकानं असं सगळं स्वतःच्या हाताने लिहिता आणि लगेच विचारता, परिसर आहे कुठे? अहो, हाच की! परिसर म्हणजे काहीतरी हिरवं, लांबचं, बसने जाऊन बघायचं, ही समजूत आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसली आहे. ती बसवायला पुस्तकं, तक्ते आणि चित्रकला स्पर्धा यांनी मिळून हातभार लावला. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. कुर्ल्यातलं मूलही हेच काढतं, कारण 'निसर्ग' सांगितला की हेच काढायचं असतं, एवढं त्याला दुसरीतच उमगलेलं असतं. त्याने खिडकीतून दिसणारा नाला काढला तर आपणच म्हणतो, "हे काय रे? काहीतरी चांगलं काढ."

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये होत्या. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा या दोघींनी शाळाच गुरांमागे नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. तुमच्या मुलांचं कुरण म्हणजे शाळेमागची गल्ली. तिथलं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि सुरुवात तिथूनच करायची आहे.

उद्या तासाला पुस्तक मिटवून एवढंच विचारा : तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? शेताच्या प्रश्नाला गप्प बसणारी मुलं बोलायला लागतील. कुणाकडे पहाटे चारला, कुणाकडे संध्याकाळी, कुणाकडे तासभर, कुणाकडे धार बारीक म्हणून मोटर लावतात, कुणाची आई दुसऱ्या गल्लीतून हंडे आणते. हे सगळं फळ्यावर लिहून घ्या. वेळ, किती वेळ, कोण भरतं, कशात साठवतात. एका तासात तुमच्याकडे कुर्ल्याच्या पाण्याचा असा तक्ता तयार होईल जो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही. 'कोण भरतं' या रकान्यात बहुतेक आई आणि मोठी ताई हीच नावं येतील. त्यावर लगेच भाष्य करू नका. रकाना भरला की कुणीतरी मुलगी स्वतःच बोलेल.

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न : हे पाणी नळात येतं कुठून? 'टाकीतून' म्हणतील. टाकीत कुठून? 'पाइपातून.' पाइपात? इथे वर्ग थांबेल, आणि इथे तुमचा नकाशा भिंतीवर चढेल. मुंबईला सात तलाव पाणी देतात : विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. विहार आणि तुळशी मुंबईच्या हद्दीत, बाकीचे पार शहापूर-इगतपुरीच्या डोंगरांत. विहार १८६० सालचा, तानसा १८९२ चा. मोडक सागर हे नाव महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्यावरून पडलं. शहराला पाणी देणारा एक तलाव राजाच्या नाही, पुढाऱ्याच्या नाही, इंजिनियरच्या नावाचा आहे हे मुलांना जरूर सांगा. आजच्या घडीला निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. ते पिसे इथे पंपाने उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. तानसा-वैतरणेचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात येतं. विद्याविहार-कुर्ल्याच्या बाजूने तानसाची जी जाडजूड पाइपलाइन गेली आहे ती तुमच्या अर्ध्या वर्गाने पाहिलेली असणार. कदाचित तिच्यावर बसलेलीही असतील. आत काय आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

नकाशावर दोरा लावून तलावापासून शाळेच्या नळापर्यंत आणा. शंभर किलोमीटरहून लांबचा दोरा हाताने ओढलेल्या मुलाला 'पाणी वाचवा' वेगळं सांगावं लागत नाही. त्यापेक्षा शाळेतला गळका नळ शोधायला सांगा, तो नसेल अशी शाळा मला तरी ठाऊक नाही. त्याच्याखाली लिटरची बाटली लावून घड्याळ बघा. समजा ४० मिनिटांत भरली, तर दिवसाला ३६ लिटर. गणित चौथीचंच आहे. मग अर्ज लिहायचा : मा. मुख्याध्यापक यांस, विषय, तारीख, खाली ४४ सह्या. भाषेचाही तास झाला. नळ दुरुस्त झाला तर उत्तम, नाही झाला तर दर आठवड्याला किती लिटर वाया गेलं याचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात वाढत जाऊ द्या. मुख्याध्यापकांना तो दिसेलच.

आता अवघड भाग. एखादं मूल विचारेल, "बाई, मोठ्या बिल्डिंगीत चोवीस तास पाणी आणि आमच्याकडे नळच नाही, असं का?" तुम्ही दचकाल आणि विषय बदलाल अशी मला भीती आहे. बदलू नका. या सगळ्या उपद्व्यापातला हा सर्वात चांगला प्रश्न आहे. खरं तेवढं सांगा : वस्ती कधीची, जागा कुणाची, कागद आहेत का, यावरून नळजोडणी मिळते किंवा अडते, आणि म्हणून काही घरांना अजून मिळालेली नाही. तुमच्या माहितीसाठी, मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. मुलांना निकाल शिकवायचा नाही, पण 'तुमची चूक नाही' हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू आलं पाहिजे. आणि त्याच वेळी नकाशावर शहापूर दाखवा. धरणं त्या तालुक्यात, पाणी आपल्याला, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. ज्या मुलाला आपल्यावर अन्याय होतो एवढंच दिसत होतं, त्याला आपल्याही पलीकडे कुणी आहे हे दिसेल. नवव्या-दहाव्या वर्षी हे पेलतं. मोठ्यांनाच पेलत नाही.

आलेलं पाणी जातं कुठे, हा पुढचा भाग. तुमचा नाला कुठे जातो याचा शोध मुलांवर सोपवा. शेवटी खात्री करायला महापालिकेच्या एल वॉर्डाच्या, म्हणजे कुर्ल्याच्या ऑफिसात जाऊन पर्जन्य जलवाहिन्यांचा नकाशा बघा, पण आधी त्यांना अंदाज करू द्या. पाणी कुठल्या दिशेला सरकतं? पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यावर आधी तुंबतं? कुर्ल्यातले नाले बहुतांशी मिठीला जाऊन मिळतात. आणि मिठी ही नदी आहे, गटार नव्हे, ही तुमच्या वर्गातली बातमी ठरेल. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की त्या सांडव्याच्या पाण्यातून ती निघते, साकीनाका, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असं करत माहीमच्या खाडीत उतरते. लांबी जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. एवढ्याशा वाटेत विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलं, खारफुटीच्या दलदलीवर भराव घालून संकुल उभं केलं, काठांवर वस्त्या आणि कारखाने आले.

इथे एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा, ती उलटी धरा, बुचाला भोक पाडून त्यात फिश टँकची नळी घट्ट बसवा. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. बाटलीत पाणी ओता : पाऊस. भराभर खाली जातं. आता एका मुलाला बादली हळूहळू वर उचलायला सांगा : भरती. बादलीतल्या पाण्याची पातळी जसजशी वर येते तसं बाटलीतलं पाणी अडतं, आणि बादली आणखी वर गेली की उलटं फिरून बाटलीत चढायला लागतं. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की कुर्ला का तुंबतं हे बादली धरणाऱ्याच्या हातालाच कळतं. मग वर्तमानपत्रात येणाऱ्या भरतीच्या वेळा जूनपासून वर्गात लिहायला लागा. कचऱ्याने तोंड बंद झालेला नाला दाखवायचा असेल तर नळीच्या तोंडाशी पिशवीचा तुकडा टाका. पण 'लोक कचरा टाकतात म्हणून पूर येतो' एवढ्यावर थांबू नका. ते अर्धंच खरं आहे, आणि ते अर्धं नेहमी गरिबांच्याच माथी मारलं जातं. भराव कुणी घातला हेही त्याच श्वासात सांगा.

आता घरचा अभ्यास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुमची मुलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती, पण घरातल्या मोठ्यांना तो दिवस आठवतो. घरी विचारायचं : पाणी कुठपर्यंत आलं होतं? गुडघा, कंबर, छाती, पोटमाळा? तेवढ्या लांबीची सुतळी कापून आणायची. गल्लीचं नाव चिठ्ठीवर लिहून टोकाला बांधायचं. वर्गाच्या भिंतीवर सगळ्या सुतळ्या जमिनीपासून वर अशा गल्लीवार ओळीने लावा. कुठली गल्ली सखल, कुठली उंच, नाल्याच्या जवळ काय आणि लांब काय, हे भिंतच दाखवेल. चढ-उतार, खोलगट भाग, पाणलोट असले सगळे शब्द त्यावर अडकवता येतील. ज्या घरात त्या दिवशी माणूस गेलं असेल त्या घरातून सुतळी आली नाही तर विचारू नका. आणि पावसाळा लागण्याआधी, तुंबलेल्या पाण्यात पाय का घालायचा नाही ते नीट सांगा : उंदरांच्या लघवीतून लेप्टो हा तापाचा आजार येतो, पायाच्या बारीकशा जखमेतूनही शिरतो. घालावाच लागला तर घरी आल्यावर साबणाने धुवायचे आणि ताप आला की दवाखाना. माझ्या मते वर्षभराच्या तक्त्यांपेक्षा एवढं एक वाक्य जास्त उपयोगाचं आहे.

झाडं-पक्ष्यांवर फार लिहीत नाही, कारण तिथे शिक्षक सहसा अडत नाहीत. फक्त मोर आणि वाघापासून सुरुवात नको. शाळेच्या भिंतीतल्या फटीत किंवा ड्रेनेजच्या पाइपाशेजारी पिंपळाचं रोप असणारच. ते कुणी लावलं? कावळ्याने, साळुंकीने, कोकिळेने फळ खाल्लं आणि शिटेतून बी तिथे पडलं. मातीचा कण नसलेल्या भिंतीवर ते कशावर जगतं हे महिनाभर बघू द्या. रस्त्यावरचा गुलमोहर मादागास्करचा आणि मोठा पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले, तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांसारखेच. जूनमध्ये शाळा उघडली की कावळ्याच्या मागे 'खायला दे' म्हणून ओरडत फिरणारं कोकिळेचं पिल्लू दिसतंय का बघा. कावळ्याचं घरटं हाती लागलं तर त्यात तारांचे तुकडे सापडतील. भंगार आपल्याकडे कावळेही वापरतात.

भंगारावरून आठवलं. तुमच्या दुसऱ्या बाजूची दुकानं हा एका महिन्याचा पाठ आहे. पुठ्ठा, लोखंड, तांब्याची तार, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या : कशाला भाव आहे, कशाला नाही? दुकानदाराला विचारून वर्गात भावफलक लिहा आणि दर महिन्याला बदला. भाव नसलेली वस्तू पुढे कुठे जाते? देवनारच्या, कांजूरमार्गच्या डंपिंग ग्राउंडवर. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे, म्हणजे मुलांच्या पणजोबांच्या काळातला कचराही तिथेच. डब्यातली उरलेली खिचडी आठवडाभर रोज वजन करून लिहिली तर ओला कचरा म्हणजे काय हेही कळेल. आणि कुठल्या दिवशीच्या खिचडीत मीठ जास्त होतं तेही.

इथे मात्र जपून. तुमच्या वर्गात काहींचे आईवडील कचरा वेचत असतील, काही सफाई खात्यात असतील, काही भंगार गोळा करत असतील. "तुझे बाबा काय करतात, सांग बघू सगळ्यांना" असं चुकूनही नको. मुलं त्यावरून काय चिडवतात आणि त्या चिडवण्यात जात कशी येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. स्वच्छतेच्या पाठात 'घाण' हा शब्द माणसांच्या जवळ जाणार नाही याची काळजी तुम्ही घ्यायची. त्याऐवजी वॉर्डातल्या एखाद्या अनुभवी सफाई कामगाराला रीतसर बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या, आणि मुलांना प्रश्न विचारू द्या : गटारात सर्वात जास्त काय सापडतं? पहाटे किती वाजता निघता? हातमोजे मिळतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जे येईल ते येऊ द्या. वर्गातलं एखादं मूल आपण होऊन म्हणालं की माझी आई पण हेच करते, तर बस झालं.

मुख्याध्यापकांवर चिडू नका. कुर्ल्याच्या रस्त्यावर ४४ मुलं काढायची म्हटलं तर मीही दोनदा विचार करेन. म्हणून पहिले दोन महिने दाराबाहेर पाऊलच टाकू नका. वर सांगितलेलं बहुतेक सगळं नळ, भिंत, गच्ची आणि व्हरांडा एवढ्यात होतं. गच्चीवर कुलूप असेल तर तेवढ्यापुरतं उघडून मागा. एक साधा थर्मामीटर घेऊन मार्चच्या दुपारी गच्चीची लादी, पत्र्याची शेड आणि झाडाची सावली असा तीन ठिकाणचा आकडा घेतला की पत्र्याच्या घरातली मुलं रात्री का झोपत नाहीत याचा उलगडा तुम्हालाही होईल. पुढे बाहेर जायचंच झालं तर वर्ग दोन दिवसांत विभागून, बावीस-बावीसने, शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन-तीन पालकांना बरोबर घेऊन, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. त्या समितीत पालक असतात ते सभेच्या दिवशी सही करण्यापुरते नसतात. आयांना आदल्या दिवशी सांगितलं तर त्या येतात, आणि रस्ता त्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. मुलांनी पावलं मोजत जायचं आणि परतल्यावर नकाशा काढायचा. पहिल्या नकाशात वडापावची गाडी शाळेपेक्षा मोठी येईल. येऊ द्या. दुसऱ्यात ती आपोआप लहान होते.

सहलीचं म्हणाल तर राष्ट्रीय उद्यान चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण एक वर्ष धारावीशेजारच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात नेऊन बघा. तुम्हाला जवळ, मिठीच्या काठी. आज दाट झाडी दिसते ती पूर्वीच्या डंपिंग ग्राउंडवर लावलेली आहे. तिथे आधी शहराचा कचरा टाकत, १९८० च्या दशकात झाडं लावायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. पाणी, नाला, भंगार आणि पिंपळ करून आलेल्या मुलांना तिथे नेलं तर मार्गदर्शकाची त्रेधा उडेल एवढे प्रश्न पडतील. आधी फोन करून वेळ ठरवून घ्या.

आणि घोषणा? पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, म्हणून तो पुढे कधीतरी उरकला जातो आणि त्या दिवशी 'झाडे लावा, झाडे जगवा' म्हणत फेरी निघते. फेरी काढा, मुलांना मजा येते. फक्त या वर्षी घोषणा त्यांनाच लिहू द्या. गळक्या नळाचा लिटरचा आकडा आणि नाल्याचं नाव घातलेल्या घोषणा आल्या तर एल वॉर्डाच्या ऑफिसावरूनच फेरी न्या.

जुने तक्ते फाडू नका. तपासणीला अधिकारी आले की ते लागतातच. सुतळ्यांची भिंत त्यांच्या शेजारीच असू द्या.